पाखरीचा पाय का घसटतो?

मंगळवारच्या या कार्यक्रमात मी एरवी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेचे कागद असलं बोलत असते. तुम्हीही बिचाऱ्या ऐकून घेता. आज मात्र घोडीबद्दल बोलणार आहे. घोडी म्हणजे अजून पुरती घोडी नव्हे, वछेरी. अडीच वर्षांची, लाल रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव पाखरी.

पाखरी आपल्या एका गटातल्या मावशींची आहे. मावशी धनगरवाड्यावरच्या. दिवाळी झाली की त्यांचा वाडा मेंढरं घेऊन घाट उतरतो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. तुमच्यापैकी ज्या वाड्यावरच्या आहेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मेंढरं पुरुष हाकतात, घोडी मात्र बाईची असते. तळ हलला की पाल, भांडी, दळण, कोंबड्या, कधी कधी तान्हं लेकरूसुद्धा घोडीच्या पाठीवर जातं. ते लादायचं, बांधायचं, उतरवायचं काम बाईचं. घोडी बसली तर बिऱ्हाडच बसलं. मावशींची जुनी घोडी थकली म्हणून त्यांनी गटातून ₹२५,००० कर्ज काढून पाखरी घेतली. ठराव मीच लिहिला होता. विमा काढू, काढू म्हणत राहून गेला, तीही चूक माझीच. राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विमा योजनेत गाई-म्हशींबरोबर घोडे, गाढवं, खेचरंही येतात, हे मला माहीत होतं. तरी राहिलं.

दसरा झाला आणि शुक्रवारी मावशींचा फोन आला. "ताई, पाखरीचं मागलं पाय घसटतंया. चालताना झिंगल्यावानी करती."

मी शनिवारी गेले. पाखरी उभी होती, कान टवकारलेले, डोळे स्वच्छ, कडबा खात होती. पण चालवली की मागचा डावा खूर जमिनीवरून ओढत न्यायची. त्या खुराचं टोक झिजून सपाट झालं होतं. वळताना मागचा भाग एकीकडे कलंडायचा. अंगणात दहा-बारा माणसं जमलेली आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. कुणी म्हणे नजर लागली. कुणी म्हणे जनावर चावलं. मावशींचे दीर म्हणाले, कोवळ्या पाठीवर ओझं टाकलं, कंबर गेली. लिंबू-नारळ उतरवून झालेलं होतं. त्यावर मी काही बोलले नाही. पैसा फार जात नाही त्यात, दिवस मात्र जातात. खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. शेजारच्या वाडीतून एक गृहस्थ कमरेवर डागणी द्यायला आले होते. चुलीत सळई घातलेली होती. "आज डागलं की आठ दिवसांत पळंल," असं म्हणत होते. मी हातापाया पडून ते सोमवारपर्यंत थांबवलं. सोमवारी डॉक्टर येतील, ते म्हणतील तसं करू, असं ठरलं.

आणि मग मीच एक गाढवपणा केला. मावशींनी ओवा, सुंठ, गूळ असा काढा उकळला होता. तो पाजायला तिघी लागल्या. मावशींनी डोकं धरलं, त्यांच्या सुनेनं बांबूचं नळकांडं धरलं आणि मी जबडा उघडून जीभ बाजूला धरली. निम्मा काढा पाखरीच्या पोटात, निम्मा माझ्या हातावर, लाळेसकट. आदल्या दिवशी भाजी चिरताना माझं बोट कापलं होतं, त्यावर साधी पट्टीसुद्धा नव्हती. सून पाच महिन्यांची गरोदर.

सोमवारी १९६२ या क्रमांकावर फोन केला. तो पशुसंवर्धनाचा फुकट क्रमांक आहे, वहीत लिहून ठेवा. दुपारी तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. गाडीतून उतरले आणि जवळ न येता लांबूनच विचारलं, "हिच्या तोंडात कुणी हात घातलाय का?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पिसाळलेलं कुत्रं आलं होतं का वाड्यावर? दोन-तीन महिन्यांत?"

श्रावणात एक परकं कुत्रं आलं होतं. त्यानं एक कोकरू फाडलं होतं. वाड्यावरच्या कुत्र्यांनी ते हुसकावून लावलं. पुढे ते कुठं गेलं, मेलं की जगलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मैत्रिणींनो, आठ महिन्यांपूर्वी मीच तुमच्या गटांमध्ये रेबीजवर चित्रांची फाइल घेऊन फिरले होते. "कुत्रं चावलं की साबणानं पंधरा मिनिटं धुवा" हे मीच तुमच्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतलं होतं. पण माझ्या डोक्यात पिसाळणं म्हणजे कुत्रं, लाळ गाळणं, अंगावर धावणं एवढंच होतं. डॉक्टर म्हणाले, "पिसाळलेला घोडा प्रत्येक वेळी चावायला धावतोच असं नाही. कधी नुसता लंगडतो, कधी पोटात दुखल्यासारखं करतो, कधी मागून लुळा पडतो. म्हणून कारण कळत नसेल आणि जनावर झिंगत असेल, तर दुसरा काही विचार करायच्या आधी हा विचार करायचा. बाकीच्या आजारात फार तर घोडी जाईल. ह्यात माणूस जातं."

त्यांनी आम्हाला तिथल्या तिथं हात साबणानं धुवायला लावले आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगितलं. मग हातमोजे चढवले, एका बादलीवर बसले आणि नुसते पाखरीकडे बघत राहिले. चांगला अर्धा तास. मावशींच्या सासूबाई कुजबुजल्या, "ह्यो डाक्टर काय करत का न्हाय?" मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग प्रश्न सुरू झाले. पहिलाच प्रश्न, कधीपासून? मावशी म्हणाल्या, दसऱ्यापासून. सून म्हणाली, त्याच्या आधीपासून. धाकटा म्हणाला, परवापासून. डॉक्टर हसले. "हे असंच होतं. आणि मला नेमकं हेच पाहिजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवरात्रात दुसऱ्या माळेला मंगळवारची बैठक होती. मावशी उशिरा आल्या होत्या. गटाच्या नियमाप्रमाणे मी दहा रुपये दंड घेतला होता आणि त्यावरून मावशी माझ्यावर रुसल्याही होत्या. पिशवीतून इतिवृत्ताची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात होतं, "सदस्य उशिरा आल्या. कारण, घोडी ओढ्यात अडखळून पडली. दंड ₹१०."

म्हणजे सोमवारपर्यंत तेरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी वही हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली. ते म्हणाले, रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जनावर बहुधा आठवड्याच्या आत मरतं. ही तेरा दिवसांनंतर उभी आहे, खाते आहे, पाणी पिते आहे. "ही चांगली गोष्ट आहे. पण ओढ्यातलं पडणं आणि आताचं झिंगणं एकाच आजाराचं असेलच, हे मला आज सांगता येणार नाही. म्हणून सुई चुकवू नका." मावशी पुटपुटल्या, "दहा रुपयं तरी कामाला आलं म्हणायचं."

त्यानंतर त्यांनी पाखरीची जी तपासणी केली ती मला जन्मभर लक्षात राहील. यंत्र नाही, काही नाही. आधी सरळ रेषेत चालवली. मग लहान गोलात फिरवली, डावीकडून आणि उजवीकडून. गोलात फिरताना बाहेरच्या बाजूचा मागचा पाय लांब भिरकावला जायचा आणि कधी स्वतःच्याच खुरावर पडायचा. मागं मागं चालवली, तर मागचे पाय जागीच रोवून ती बसल्यासारखी झाली. चालता चालता शेपटी धरून बाजूला ओढली. धडधाकट जनावर लगेच विरोध करतं, ही डावीकडे सहज ओढली गेली. पेनाच्या टोकानं पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत टोचत गेले आणि कातडी कुठं थरथरते ते बघितलं. पुढचे पाय ठीक. डोळे, कान, ओठ, पाणी गिळणं ठीक. ताप बघितला, १००. घोड्याला तेवढा असतोच.

मी विचारलं, ह्यावरून काय कळलं? त्यांनी शेजारच्या रानाकडे बोट दाखवलं. "ठिबकच्या पुढच्या सऱ्यांना पाणी येतंय आणि मागच्याच दोन कोरड्या असतील, तर मोटर कशाला खोलायची? नळी मागं कुठंतरी तुंबलीय. हिचं डोकं ठीक, मान ठीक, पुढचे पाय ठीक. बिघाड पाठीच्या कण्यातल्या दोरीत आहे, पुढच्या पायांच्या मागं. आणि डावीकडे जास्त आहे."

जागा सापडली, कारण अजून बाकी होतं. तिथून पुढचे प्रश्न सगळे आपल्या बायकांच्या कामातले होते. काय खायला घालता? कडबा, बाजरीचा भरडा, बांधावरचं गवत. त्यांनी भरडा मुठीत घेऊन वास घेतला, बुरशी बघितली. बुरशी आलेल्या मक्यानं घोड्याचा मेंदू सडतो, पण त्यात जनावर आंधळं झाल्यासारखं भिंतीला डोकं लावतं आणि लवकर मरतं. कोंबड्यांचं खाद्य कधी घातलंत? हा प्रश्न मला विचित्र वाटला. पण तुम्ही नीट ऐका, कारण आपल्या कितीतरी गटांनी कोंबड्या पाळल्यात. कोंबड्यांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीवर म्हणून काही औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती सोसतात, घोड्याला थोडीसुद्धा विष ठरतात. हृदय आणि स्नायू निकामी होतात. उरलेलं पोतं वाया कशाला घालवायचं म्हणून घोड्यापुढं ओतू नका.

मग विचारलं, हिरव्या ज्वारीवर किती दिवस चरली? लघवी गळते का, मांड्या ओल्या असतात का? कोवळी ज्वारी गुरांना लागते हे आपल्याला माहीत आहे. घोड्याचं वेगळं असतं. त्याच कुळातल्या हिरव्या चाऱ्यावर घोडा आठवडेच्या आठवडे चरला, तर मागून झिंगायला लागतो आणि लघवीवरचा ताबा सुटतो. वाळलेल्या कडब्याची तशी भीती नसते. पाखरीच्या मांड्या कोरड्या होत्या आणि ती ज्वारीत गेलीच नव्हती. कुठं खिळा, काटा रुतला होता का? धनुर्वातात जनावर लाकडासारखं ताठ होतं, कान उभे राहतात, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा वर येतो. ही उलट सैल होती. तरण्या, झपाट्यानं वाढणाऱ्या उंच घोड्यांमध्ये मानेचे मणके दोरी दाबतात, तोही एक आजार आहे. पण त्यात बहुधा चारही पायांवर परिणाम दिसतो आणि पाखरी तर बुटकी, पुढचे पाय खणखणीत.

एक संशय उरला होता, सर्राचा. मोठ्या चावणाऱ्या माश्या असतात ना, आपण गोमाश्या म्हणतो, त्यांच्यामुळे हा रोग एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. ताप येतो-जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, जनावर वाळतं आणि शेवटी मागून लुळं पडतं. ह्याचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खान इथं घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. तेव्हा तो भाग पंजाबात होता, आता पाकिस्तानात आहे. जनावरांचा हा रोग माणसाला सहसा होत नाही. पण जगात पहिल्यांदा ज्या माणसात हा जंतू नक्की सापडला तो शेतकरी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला होता, २००४-०५ मधली गोष्ट. औषधानं तो बरा झाला. डॉक्टरांनी पाखरीचं रक्त काचेवर घेतलं. एकदा घेऊन भागत नाही, कारण हे जंतू रक्तात कधी दिसतात, कधी लपतात. म्हणून चार दिवसांनी पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा काच स्वच्छ निघाली.

आता खरी गोष्ट. ह्या सगळ्या प्रश्नोत्तरांत मावशींच्या सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कमी ऐकू येतं. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर सामान आवरायला लागले तेव्हा त्याच म्हणाल्या, "त्या थोरल्या घोडीच्या डोळ्यात गेल्या साली साप झाला हुता, तसलं तर न्हवं?"

पोरं हसली. मीही हसले. डॉक्टर मात्र पिशवी ठेवून त्यांच्यापुढं उकिडवे बसले. "कसला साप, आजी?"

"पांढरा. दोऱ्यावानी. डोळ्याच्या पाण्यात वळवळायचा. मग डोळा निळा पडला."

"त्या वेळी घोड्या कुठं बांधत होता?"

"हितंच की. म्हशीपाशी."

पावसाळ्यात हा वाडा ज्या शेतकऱ्याच्या जागेवर असतो, त्याच्या गोठ्यात पाच म्हशी आणि दोन बैल आहेत. पाखरी म्हशींच्या शेजारी, छपराखाली. मागं शेणाचा उकिरडा आणि त्याला लागून पाण्याचं डबकं. मी इतके वेळा तिथं गेले, मच्छरांना शिव्या देत परत आले, पण माझ्या मनात काही आलं नाही.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीत पांढऱ्या दोऱ्यासारखा एक जंत राहतो, बोटभर लांबीचा. खाटकांना तो माहीत असतो. म्हशीला त्याचा फारसा त्रास नसतो. त्याची अतिबारीक पिल्लं म्हशीच्या रक्तात फिरतात. डास म्हशीला चावला की पिल्लं डासात जातात, तिथं थोडी वाढतात आणि डास पुन्हा चावला की नव्या जनावरात उतरतात. नवं जनावर म्हैस असेल, तर पिल्लू बरोबर पोटात जाऊन मोठं होतं. पण घोडं, मेंढी, शेळी असेल तर त्याला वाट सापडत नाही. भटकत भटकत कधी डोळ्यात जातं, तोच आजीचा साप. आणि कधी पाठीच्या कण्यातल्या दोरीत शिरतं. केसासारखा बारीक किडा, पण ज्या वाटेनं जाईल ती वाट कुरतडत जातो. म्हणून एक पाय जास्त जातो, एक कमी. ताप नसतो, भूक असते, डोकं शाबूत असतं. पावसाळ्यात डास चावतात आणि पावसाळा सरता सरता जनावरं कमरेत बसतात.

ह्या रोगाला जुन्या घोडेवाल्यांनी कुमरी असं नाव दिलं आहे, कमरेवरून आलेलं. मावशींच्या दिरांनी "कंबर गेली" म्हटलं ते अगदीच चूक नव्हतं, असं मला आता वाटतं. कंबर का जाते, हे कळायला मात्र फार काळ लागला. कुणी गारठा म्हणे, कुणी ओझं म्हणे. १९५० नंतरच्या दशकात सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, कुमरीनं गेलेल्या घोड्यांचा अभ्यास झाला आणि तिचा संबंध ह्या भटक्या किड्यांशी जोडला गेला.

मी विचारलं, मग हे नक्की कुमरीच का? ते म्हणाले, "जिवंत जनावरात नक्की सांगता येत नाही. किडा सापडतो तो मेल्यावर, दोरीचे बारीक काप करून. तोही दर वेळी नाही. मी एकेक शक्यता बाजूला सारत इथवर आलोय. जे उरलं त्यावर औषध देणार." त्यांनी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या सरांना फोन लावला, बराच वेळ बोलले आणि मग औषध लिहिलं. जंतावरचं औषध तोंडावाटे आणि दोरीची सूज उतरवणारं औषध. कुमरीवर डीईसी नावाचं औषधही वापरतात. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई गोळ्या वाटतात, त्यातलीच ती गोळी. हत्तीरोगाचा किडा ह्या किड्याचा लांबचा भाऊबंद आहे आणि तोही डासाच्याच गाडीतून येतो. पण ऐकून लगेच गोळ्या आणू नका. माप आणि वेळ डॉक्टरांनी ठरवायची. गाईसाठी आणलेलं जंताचं इंजेक्शन घोड्याला टोचण्याचा प्रकारही सर्रास चालतो, तो करू नका. डागणी त्यांनी साफ नाकारली. कमरेच्या कातडीवर डाग दिल्यानं आतल्या दोरीला काहीही होत नाही, वर जखम मात्र चिघळते.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी आरोग्य केंद्रात गेलो. मावशी तयार नव्हत्या. "पाखरी पिसाळली न्हाय म्हनून डाक्टरच म्हनला की!" सुनेची सासू म्हणून त्यांना दुसरी भीती होती, पोटातल्या बाळाला सुई बाधेल. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की ही लस गरोदर बाईला चालते आणि गरज असेल तेव्हा ती टाळायची नसते. सुनेनं स्वतःच बाही वर केली. तिचं बघून मावशींनीही घेतली. माझ्या बोटावर उघडी जखम होती आणि त्यावर लाळ लागली होती, म्हणून मला वेगळं सीरमही लागलं. ते उपजिल्हा रुग्णालयात जखमेभोवती टोचलं. बोटात सुई काय असते ते मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही. लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चौथ्या सुईपर्यंत पाखरी जिवंत आहे हे दिसतच होतं, तरी आम्ही तिघींनी ती घेतली. त्या अठ्ठावीस दिवसांत घरी मी कुणाला काही बोलले नाही. रात्री पाणी पिताना घशाशी काही अडकतंय का, हे मात्र रोज बघत होते.

पहिला आठवडा पाखरीच्या तोंडाजवळ कुणी जायचं नाही, असा नियम केला. तिला म्हशींपासून लांब, उंचवट्यावर, वाळू टाकून बांधली. पाणी लांब दांड्याच्या बादलीनं. तिसऱ्या दिवशी ती खाली बसली आणि उठेना. तेव्हा मात्र मी खचले. गटातल्या चौघी जणी पाळीनं आल्या. दर चार तासांनी, हातमोजे घालून, मागच्या बाजूनं दोर लावून तिची कूस बदलायची, नाहीतर एकाच अंगावर पडून कातडी सडते. अंगाखाली उसाचं पाचट टाकलं. संध्याकाळी कडुनिंबाचा धूर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सुनेचा फोन, "ताई, उठली!" ती अर्धी उठली होती खरं तर, पुढचे पाय उभे आणि मागचं बसलेलं, कुत्रं बसतं तशी. दुपारपर्यंत पुरती उभी राहिली.

रोजचं वहीत लिहायचं काम सुनेकडे दिलं. सकाळी ताप, संध्याकाळी ताप, किती खाल्लं, गोलात फिरवल्यावर किती वेळा अडखळली. नववी शिकलेली मुलगी. महिनाभरानं डॉक्टरांनी ती वही मागून नेली.

गटात ह्यावरून वाद झाला, तोही सांगते. दोघींचं म्हणणं पडलं की घोडीवर कर्ज द्यायलाच नको होतं, हप्ता बुडाला तर सगळ्यांच्या माथी. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पैसे त्यांच्याही घामाचे आहेत. शेवटी तीन महिने फक्त व्याज घ्यायचं आणि मुद्दल पुढं ढकलायची असं ठरलं. त्याच बैठकीत वाड्यावरच्या बाकीच्या सहा घोड्यांचा विमा काढायचा ठरावही झाला. आणि डबकं बुजवायचं ठरलं. त्यासाठी म्हशींचा मालक शेतकरी स्वतः मुरूम घेऊन आला. त्याच्या शेळ्यांमध्येही दोन वर्षांपूर्वी अशाच दोन मागून बसल्या होत्या, हे त्यानं तेव्हा सांगितलं.

दिवाळीनंतर वाडा निघाला तेव्हा पाखरी बरोबर गेली, मोकळ्या पाठीनं. ओझं थोरल्या, एका डोळ्यानं अधू घोडीनं उचललं आणि उरलेलं टेम्पोनं पाठवलं, त्याचे ₹३,५०० मावशींच्या अंगावर बसले. पाखरीचा डावा पाय अजून पूर्ण सुधारलेला नाही. डॉक्टर म्हणतात, दोरीचा जेवढा भाग कुरतडला गेला तेवढा परत येत नाही, पण तरणं जनावर उरलेल्यावर चालायला शिकतं. तिच्यावर बिऱ्हाड कधी लादता येईल, घाटात लेकरू कधी बसवता येईल, की येणारच नाही, हे त्यांनी सांगितलेलं नाही. मावशीही विचारत नाहीत.

सून बाळंतपणासाठी माहेरी आहे. त्यामुळे आता दर मंगळवारी मावशींचा धाकटा मुलगा कोकणातून मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो, पाखरी गोलात फिरताना, आधी डावीकडून, मग उजवीकडून. कालच्या व्हिडिओत डावीकडून सात फेऱ्यांत ती दोनदा अडखळली. मागच्या मंगळवारी चारदा अडखळली होती. मी वहीत लिहून ठेवलंय.

पुढच्या मंगळवारी विम्याचे अर्ज कसे भरायचे ते बोलू. येताना जनावराचा फोटो आणि बँकेचं पासबुक आणा. नमस्कार.